वीस ग्रॅमची चिठ्ठी

आमच्या गारखेड्याच्या घरात स्टीलचा एक डबा आहे, त्याला झाकण नाही. बायको त्यात मोहरी ठेवते आणि वर वाटी पालथी घालते. "ह्याचं झाकण कुठं गेलं ते देवालाच ठाऊक," असं ती गेली पंचवीस-सव्वीस वर्षं म्हणत आली. देवाला ठाऊक असेल नसेल, मला ठाऊक होतं. मी दर वेळी पेपर वर धरून वाचत राहायचो.

झाकणाची गोष्ट सांगायची म्हणजे एका मुलीची सांगावी लागते. ती सांगायची नाही म्हणूनच झाकणाचीही सांगितली नाही.

मी कनिष्ठ महाविद्यालयात फिजिक्स शिकवतो. त्या काळी नोकरीला चार-पाच वर्षं झाली होती, शहराला औरंगाबाद म्हणायचो, आणि प्रयोगशाळा माझ्या ताब्यात होती. अकरावीला घर्षणाचा एक साधा प्रयोग असतो. टेबलावर लाकडी ठोकळा ठेवायचा. त्याला दोरा बांधून तो टेबलाच्या कडेच्या कप्पीवरून खाली सोडायचा आणि दोऱ्याच्या टोकाला एक पारडं टांगायचं. पारड्यात हळूहळू वजनं टाकत जायची. पाच ग्रॅम, ठोकळा हलत नाही. दहा ग्रॅम, हलत नाही. तुम्ही जेवढं ओढाल तेवढंच टेबल त्याला धरून ठेवतं, पण त्यालाही एक हद्द असते. एक वेळ अशी येते की वर एकच ग्रॅम टाकला आणि ठोकळा निघाला. तेव्हा पारडं आणि त्यातली वजनं मिळून जे भरेल, ते त्या ठोकळ्याचं घर्षण. मग ठोकळ्यावर ओझं वाढवायचं, पुन्हा तेच. ठोकळा धरून एकूण ओझं दुप्पट केलं की घर्षण दुप्पट. ग्राफ काढला की शून्यातून निघणारी सरळ रेघ यायला पाहिजे.

पारडं पितळेचं होतं, वीस ग्रॅमचं. डेडस्टॉक रजिस्टरात, म्हणजे सामानाच्या नोंदवहीत, तशी नोंद होती. एका वर्षी ते हरवलं. कुठं गेलं कळलं नाही. तपासणी चार दिवसांवर आली होती. वस्तू हरवली म्हणून लिहून द्यायचं, खुलासा करायचा, वरिष्ठांपुढं उभं राहायचं, एवढं माझ्यानं झालं नसतं. मी घरून डब्याचं झाकण आणलं, खिळ्यानं तीन भोकं पाडली, दोरे ओवले, आणि खाली कागदाची चिठ्ठी चिकटवली: २० ग्रॅम. तोलायचं राहिलं. म्हटलं, तपासणी होऊ द्या, मग सावकाश तोलू. तपासणी झाली. पुढं तीन वर्षं ते झाकण वीस ग्रॅमचं पारडं म्हणून लटकत होतं.

तुम्ही म्हणाल, तीन वर्षांत कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? त्याचं उत्तर आमच्या कामाच्या रीतीत आहे. मुलं प्रयोग करायची ते हात हलवण्यापुरतं. रीडिंग लिहायची ती आदल्या वर्षीच्या जर्नलवरून. जर्नलं वरच्या वर्गाकडून खालच्या वर्गाकडं यायची, घरात मोठ्या भावाचे कपडे धाकट्याला येतात तशी. सगळ्यांची रेघ शून्यातून जायची, कारण पितळी पारड्याच्या काळात कुणीतरी एकदा ती खरोखर काढली होती. मला हे माहीत होतं. सगळ्याच शिक्षकांना माहीत असायचं. मी साठ जर्नलं समोर घेऊन एका बैठकीत सह्या करायचो.

त्या वर्षीच्या वर्गात एक मुलगी होती. पिशोरकडची. चिकलठाण्याला मामाकडं राहून सिटी बसनं यायची. मीही पिशोरचा. तिच्या घरच्यांची मेंढरं. पेरणीआधी आमच्या शेतात ज्यांचा कळप रात्री बसवायला असायचा, त्यांच्यातल्याच एकाची ही मुलगी. मेंढरं बसली की रानाला खत मिळतं, बदल्यात आपण धान्य द्यायचं, ही आमच्याकडची जुनी पद्धत. तिच्या वडिलांना मी लहानपणापासून ओळखत होतो. हे मी तिला कधी बोलून दाखवलं नाही. तिनंही नाही. वर्गात ती शेवटून दुसऱ्या बाकावर बसायची आणि बहुधा तिला कुणी जुनं जर्नल दिलं नव्हतं.

सह्यांच्या दिवशी रांग होती. तिची वही समोर आली. ग्राफ बघितला. रेघ सरळ होती, अगदी पट्टीनं आखल्यासारखी, पण शून्याच्या खाली जात होती.

"ही शून्यातून का जात नाही?"

"जात नाय सर. तीनदा केलं."

"तीनदा केलं म्हणजे तीनदा चुकलं."

"चुकलं आसतं तर दर खेपंला येगळं चुकलं आसतं सर. हे सारखंच येतंय. वझं कितीबी ठेवा, अकराच कमी." तिनं बोट ठेवलं. "मला वाटतं पारडं वीसचं नाय. एकतीसच्या आसपास आसंल. तोलून बघू का?"

तराजू दोन हातांवर होता, काचेच्या पेटीत. मला त्याच क्षणी कळलं. झाकण, खिळा, चिठ्ठी, सगळं डोळ्यांपुढून गेलं. ती बरोबर होती. तीन वर्षांत प्रयोग केलेली ती पहिलीच होती. आणि मागं रांगेत उभी मुलं ऐकत होती, सही झालेली चाळीसेक जर्नलं माझ्या कोपराशी रचलेली होती.

मी म्हणालो, "मेंढरं मोजायला हे चालतं. इथं फिजिक्स चालतं."

वर्ग हसला. हसणारच. मी तिच्या ग्राफवर लाल रेघ मारली, खाली लिहिलं, 'पुन्हा करा', आणि वही परत दिली. तिनं वही घेतली, दप्तरात नीट घातली आणि जागेवर गेली. दुसऱ्या दिवशी ती आली नाही, पुढच्या आठवड्यातही नाही. त्याच्या पुढच्याही नाही. दिवाळीनंतर हजेरीपटावर तिच्या नावापुढं आडवी रेघ आली.

मी दुसऱ्या दिवशी सकाळीच, कॉलेज भरायच्या आत, झाकण तोललं होतं. बत्तीस ग्रॅम. चिठ्ठी खरवडून नवी लावली. ती आली असती तर सांगितलं असतं, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आलो. खरं नाही ते. हजेरीपटावर ती अजून दिसत होती त्या दिवसांत मी चिकलठाण्याच्या बसमध्ये बसू शकलो असतो. बस दर अर्ध्या तासाला होती.

त्यानंतर मी बदललो, हेही खरं. पुढच्या वर्षीपासून माझ्या प्रयोगशाळेत नियम आला: ठोकळ्याला हात लावायच्या आधी रिकामं पारडं तोलायचं, आणि जुनं जर्नल दारात ठेवून आत यायचं. रेघ शून्यातून गेली नाही तर मी रागवायचो नाही, विचारायचो, किती खाली गेली, सारखी गेली की वेडीवाकडी? सारखी गेली असेल तर चूक तुमची नाही, वस्तूची आहे, ती शोधा. मुलांना ह्यात मजा यायला लागली. जी मुलं घोकून मार्क मिळवायची ती इथं अडखळायची आणि मागच्या बाकावरची उजेडात यायची. गतीचे नियम शिकवताना मी फळ्यावर कमी आणि टेबलावर जास्त राहायला लागलो. मुलं मला 'रिकाम्या पारड्याचे सर' म्हणायला लागली. आता कुठंकुठं इंजिनीयर झालेले येतात, पाया पडतात, म्हणतात, "सर, तुमच्यामुळं मोजायला शिकलो." मी 'असू दे, असू दे' म्हणतो. ते पाया पडणं दुसऱ्या कुणाच्या वाट्याचं आहे, हे मला दर वेळी कळतं, आणि दर वेळी मी ते ठेवून घेतो.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत पिशोरला होतो. भावाचा मका निघाला होता. तो आजारी म्हणून ट्रॉलीबरोबर बाजारात मी गेलो. रस्त्याला एक मोठा वजनकाटा आहे. भरलेली ट्रॉली त्यावर उभी करायची, वजन घ्यायचं, मका खाली करून रिकामी ट्रॉली पुन्हा आणायची, दोन्हींतला फरक तो आपला माल. पुढं रांग होती, ऊन होतं, मला कंटाळा आला होता. मी खिडकीतून आत म्हणालो, "बाई, ट्रॉली मागच्या खेपेचीच आहे. रिकामं वजन तेच धरा, पुन्हा कशाला फेरा?"

आतून आवाज आला. "मागचं नाय चालत. ट्रॉलीला चिखल ऱ्हातो, फळ्या बदलत्यात. आत्ताचं रिकामं पायजे."

मी वाकून बघितलं. चाळिशीची बाई, चष्मा, समोर वजन दाखवणारा आकड्यांचा डबा, बाजूला रजिस्टर. तिनं वर बघितलं नाही. पण मला ओळखू यायला तेवढं बोलणं पुरलं. मी रिकामी ट्रॉली आणली, पावती घेतली, ओळख न देता घरी आलो.

दुसऱ्या दिवशी गारखेड्याला परतलो. बायको मोहरीचा डबा काढत होती, आणि का कुणास ठाऊक, मी म्हणालो, "झाकण मी नेलं होतं." मग सगळंच सांगितलं, अगदी 'मेंढरं' हा शब्दसुद्धा. तिनं फोडणी बंद केली आणि ऐकलं. मला वाटलं झाकणावरून बोलेल.

"झाकणाचं मरू द्या," ती म्हणाली. "त्या पोरीचं काय? तिला सांगितलं का?"

"नाही."

"मग मला कशाला सांगता? मी काय करू त्याचं?"

मुलांना मी शिकवतो की बाहेरून बल लागल्याशिवाय ठोकळा जागचा हलत नाही. माझं बाहेरचं बल त्या दिवशी हातात चमचा घेऊन उभं होतं.

पुढच्या रविवारी मक्याची आणखी एक खेप होती. मी भावाला म्हणालो, मीच जातो. काट्यावर गर्दी नव्हती. भरलेलं वजन झालं, ट्रॉली मका उतरवायला पुढं गेली, मी मागं थांबलो. खिडकीशी उभा राहिलो आणि काय बोलायचं ते पाठ केलेलं सगळं गेलं.

"तुम्ही…" मी म्हणालो. "तू मला ओळखलंस का?"

"त्याच दिवशी वळखलं, सर," ती म्हणाली. "म्हटलं, बोलायचं आसंल तर बोलतील. आत या, उनात काहून उभे?"

आत एकच खुर्ची होती, ती तिनं मला दिली आणि स्वतः मक्याच्या पोत्यावर बसली. मी सांगितलं. झाकण, खिळा, न तोललेली चिठ्ठी. ती म्हणाली ते बरोबर होतं, हे मला त्याच क्षणी कळलं होतं, तरी मी तिला वर्गापुढं हसण्यावारी नेलं, हे. दुसऱ्या दिवशी तोललं आणि तिला कळवलं नाही, हेही. तिच्या वडिलांची मेंढरं आमच्या शेतात बसायची आणि ते मला माहीत असताना मी तो शब्द काढला, हेही लपवलं नाही. माझ्या शिकवण्याचं सगळं नाव तिच्या त्या रेघेवर उभं आहे, हे शेवटी सांगितलं. शिक्षण तुझं माझ्यामुळं सुटलं, असं म्हणालो.

तिनं रजिस्टर मिटून बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "शिक्षण तुमच्यामुळं नाय सुटलं सर. मामाचं कंपनीतलं काम गेलं, ते गावी आले. ऱ्हायाचं कुठं? तुम्ही सही केली आसती तरी मी त्याच आठवड्यात घरी आले आसते. तेवढं वझं काढून ठेवा खाली."

इतकी वर्षं मी एक गुन्हा वाहत होतो, आणि त्यातला सगळ्यात मोठा धोंडा माझा नव्हताच. त्यातही एक अहंकार होता, हे तिथं पोत्यांच्या वासात मला कळलं. एका सहीनं कुणाचं आयुष्य बनावं की बिघडावं, एवढा मी मोठा नव्हतो.

"पण ते मेंढरांचं," ती म्हणाली, आणि चष्मा काढून पदराला पुसला. "ते लागलं. वडलांना सांगितलं नाय कधी. ते तुमच्या घराला लई मानायचे. आता ते नायत, म्हणून सांगते." मग ती हसली. "अन् मेंढरं मोजणं सोपं नसतं सर. तुम्ही कधी मोजली नायत. एक चुकलं तर रानात ऱ्हातं, अन् लांडगा काय 'पुन्हा करा' म्हणत नाय."

"माफ कर," मी म्हणालो. आमच्या पिढीचा शिक्षक विद्यार्थ्याला हा शब्द वापरत नाही. तो मला जड गेला नाही, आधीच्या सगळ्यापुढं तो हलकाच होता.

"ऱ्हाऊ द्या. चहा घ्या." थर्मासमधून तिनं स्टीलच्या दोन पेल्यांत चहा ओतला. सांगत होती, काटा सासऱ्यांचा. लग्न होऊन आली तेव्हा रिकामा काटा चाळीस किलो दाखवायचा आणि कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. खाली गाळ बसलेला. तिनं आठवडाभर रोज सकाळी रिकाम्या काट्याचा आकडा लिहून सासऱ्यांपुढं ठेवला. "सारखंच येत होतं ना," ती म्हणाली. "सारखं आलं की समजायचं, चूक वस्तूची."

माझ्या वर्गात बावीस वर्षं मी हेच वाक्य बोलतोय. मला वाटायचं ते माझं आहे.

"वही कुठं आहे गं ती?"

"कुठली वही सर, चुलीत गेली आसंल." तिनं पेला खाली ठेवला आणि पहिल्यांदाच माझ्याकडं सरळ बघितलं. अकरावीतली मुलगी तिच्या चेहऱ्यावर आली. "ते सोडा. पारडं किती भरलं ते सांगा."

"बत्तीस."

"मी काय म्हटलं होतं?"

"एकतीस."

"मग एक ग्रॅम कुठं गेला?"

बावीस वर्षांत हा प्रश्न मला पडला नव्हता. मी तिथं, काट्याच्या खोलीत, त्या प्रयोगाचा विचार करायला लागलो: ठोकळा, दोरा, कडेची कप्पी. कप्पी फिरायलासुद्धा थोडं वजन लागतंच. तेवढं पारड्यातून जातं, ठोकळ्यापर्यंत पोचत नाही. तिच्या रेघेत ते पारड्याच्या वजनातून वजा झालं असणार.

"कप्पीनं खाल्ला," मी म्हणालो. "करकरायची ती."

"तिला तेल कुणी घालायचं?"

"मीच."

"मग ते बी तुमच्याकडंच," ती म्हणाली, आणि आम्ही दोघंही हसलो. माझं हसू थांबायला वेळ लागला. डोळे पुसावे लागले.

तेवढ्यात ट्रॉली रिकामी होऊन आली. ती उठली, खिडकीतून ड्रायव्हरला म्हणाली, "सगळी चाकं काट्यावर घे, अन् खाली उतर तू. भरल्या वेळी उतरला होतास ना? तुझं वजन मक्यातून कापायचं नाय." आकडा स्थिर होईपर्यंत ती थांबली. मग पावती लिहिली: भरलेलं, रिकामं, निव्वळ. पावती माझ्यापुढं सरकवून पेन दिला.

"इथं सही करा सर. बघून करा."

मी तिन्ही आकडे बघितले. वजाबाकी मनात करून पाहिली. बरोबर होती. सही केली. पोरांची जर्नलं सही करताना तारीख टाकायची सवय, तशी खाली तारीखही टाकली.

ते झाकण अजून प्रयोगशाळेत आहे. नवीन पारडी आली, पण मी ते टाकलं नाही. या जूनमध्ये अकरावीला घर्षण आलं तेव्हा मी ते कपाटातून काढून टेबलावर ठेवलं आणि ज्या मुलीनं ते पहिल्यांदा ओळखलं तिची गोष्ट सांगितली, मी काय बोललो होतो त्यासकट. वर्ग हसला नाही. मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "सर, मग एक ग्रॅमचं काय झालं?" मी म्हणालो, कप्पी काढा, तेलाची बाटली आणा, आणि पुन्हा करा.